न हललेली खुर्ची

हास्निदारच्या वाटेला इंडोनेशियातल्या बालिकपापानमध्ये सहसा कुणी जात नसे. पाक विदार्सो, म्हणजे आपल्याकडचे विदार्सोसाहेब, गेले, आणि गेले तेही केंद्राच्या जेवणघरात, भरल्या ताटावर.

घराएवढे कोळशाचे ट्रक चालवायला शिकवणारं ते केंद्र. खरा ट्रक नवख्याच्या हाती कोण देतो? म्हणून सहा यांत्रिक पायांवर एक खोटी केबिन उभी केलेली. समोर पडद्यावर खाणीचा रस्ता आणि खालून पायांचे हिसके. त्या पायांची नाडी हास्निदारच्या हातात. तिच्या कॉम्प्युटरवर सहा रंगांच्या सहा रेषा नाचत. कुणाला खड्डा किती जोरात लागावा, हे ती पट्टी सरकवून ठरवी. केबिनमध्ये ज्याचं कार्ड लागेल, त्याचं माप.

तिची धाकटी बहीण मारविया परीक्षेला बसली. ट्रक तिनं लोण्यातून सुरी फिरवावी तसा चालवला. मुख्य प्रशिक्षक विदार्सोंनी तिला नापास केलं आणि ती जागा आपल्या जावयाला दिली. एवढ्यावर थांबते तर चाललं असतं. पण माणसाला पोट भरलं की बोलायची हुक्की येते.

"बू हास्नी, बाईसाहेब, बहिणीला सांगा, ट्रक हातांनी चालत नाही, ढुंगणानं चालतो. तिचं मुकं आहे. माझं बघा, चाकाखालचा खडा ओळखतं."

जेवणघर खदखदलं. मारविया ताट टाकून उठली. हास्निदारनं मात्र स्वतःचं ताट चाटूनपुसून संपवलं. रागाच्या भरात जेवू नये म्हणतात. ती राग तोंडी लावून जेवली.

आता त्या यंत्राची एक खोड अशी, की ते तुम्हाला धक्का देतं आणि लगेच पुढच्या धक्क्याच्या तयारीसाठी हळूच मूळ जागी आणून ठेवतं. इतकं हळू, की बसणाऱ्याला पत्ता लागत नाही. वर्षानुवर्षं ही लबाडी जपणाऱ्या बाईला सूड कुणी शिकवायला हवा होता का?

नवी तुकडी आली की विदार्सो केबिनमध्ये बसून आपली विद्या दाखवत: हा खड्डा, हे मागचं डावं चाक. हास्निदारनं त्यांच्या कार्डाची पट्टी दर खेपेला केसभर खाली घ्यायला सुरुवात केली. खड्डे उथळ झाले, मग पुसट झाले. विदार्सोंच्या कपाळावर आठी नाही. शेवटी पट्टी तळाला टेकली. यंत्र मढ्यासारखं निपचित, आणि विदार्सो आत पूर्वीसारखेच उसळतायत! हसू दाबताना तिला ठसका लागला. पण तिनं तोंड उघडलं नाही. तिला भरली पंगत हवी होती.

जकार्ताहून संचालक लेस्माना पाहणीला आले, तेव्हा ती मिळाली. विदार्सो ऐटीत केबिनमध्ये चढले. हास्निदारनं आपल्या सहा रेषा भिंतीवर मोठ्या करून लावल्या. शेजारी केबिनच्या आतलं दृश्य. विदार्सो मान झटकतायत, डावीकडे कलतायत, "बापरे, हा मोठा होता," म्हणतायत. रेषा मात्र आडव्या.

"या हलत का नाहीत?" लेस्मानांनी विचारलं.

"यांच्या कार्डाला यंत्र बंद आहे, पाक. दोन महिने झाले. हलतंय ते पाक विदार्सोंचं ढुंगण."

भिंती हादरतील एवढा हशा उसळला. विदार्सो बाहेर आले ते पिकल्या मिरचीच्या रंगाचे. हास्निदारनं तो रंग डोळे भरून पाहिला.

लेस्माना तेवढे हसले नाहीत. ते हिशेबी माणूस. पायांविना शिकवणी चालते, तर हे पाय वीज खातायत कशाला, एवढंच त्यांनी जाता जाता विचारलं. पाय सुराबायाच्या एका मॉलला विकले गेले, पोरांना झुलवायला. पायच नाहीत, तर त्यांची नाडी बघणारी तरी कशाला? हास्निदारला नारळ मिळाला. विदार्सोंची नोकरी राहिली.

आता दोघी बहिणी केंद्राच्या फाटकासमोर तळलेली केळी विकतात. माझ्यापायी तू नोकरी घालवलीस, असं मारविया एकदा डोळे पुसत म्हणाली.

"तुझ्यापायी?" हास्निदार केळं उलटत म्हणाली. "तुझ्यापायी मी फार तर अर्ज केला असता. हे मी माझं काळीज निवावं म्हणून केलं. आणि गप्प ऐक, तास सुरू झालाय."

फाटकापलीकडून नव्या पोरांचा गलका येत होता. विदार्सो जमिनीला ठोकलेल्या खुर्चीत बसले होते, आणि मागून एकेक जण गंभीर आवाजात सांगत होता, "पाक, सांभाळा, खड्डा आला."