मारेगावहून आणलेली दोन दारांची गाडी

आमच्या घरात कित्येक वर्षं चाक असलेली एकही वस्तू नव्हती. दारव्ह्याजवळच्या तांड्यावर आमचं घर. दिवाळी झाली की बा (वडील) आणि याडी (आई) ऊसतोडीला जायचे. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, गोधड्या आणि आम्ही भावंडं, सगळं एकावर एक रचलेलं असायचं. परत आल्यावर बा दारव्ह्याच्या बैलबाजारात दलाली करत. जाताना बैलाच्या सोबतीनं चालत जात, बैल विकला की एकटे चालत येत. मी कॉलेजला गेलो तो जीपच्या मागच्या पायदानावर लोंबकळत. तसाच लोंबकळत बी.कॉम. झालो. आमच्या तांड्यावरचा पहिला पदवीधर मी. हे मी कुणी न विचारताही सांगतो.

त्या दिवसांत आमच्याकडे एक रीत पक्की होती. वस्तू कुठलीही असो, बैल, बकरी, नाहीतर याडीच्या दंडातली चांदी, घेताना बा एकच विचारायचे : अडचण पडली तर ही कोण घेईल?

आता लोहाऱ्याच्या एमआयडीसीत माझी डाळमिल आहे. गेल्या हिवाळ्यात कळलं की मारेगावला एका कापसाच्या जिनिंगवाल्याकडे जर्मन बनावटीची, दोन दारांची, कापडी छत उघडणारी गाडी विकायला आहे. अशा गाडीचं मला कॉलेजपासून वेड. बायको म्हणाली, "बांना विचारा. ते हो म्हणाले तर माझं काही नाही." बा म्हणाले, "मी येतो पाह्याले. पन वापस विकाची झाली तं कोन घेईन, हे समजल्याबिगर हो म्हननार नाही."

येताना गाडी आणायचीच या हिशेबानं आम्ही एसटीनं निघालो. दारव्ह्याहून यवतमाळकडे येताना लोहारा लागलं, तशी बांनी शेजारच्या अनोळखी माणसाला खिडकीतून माझी मिल दाखवली. "हे पोराची." तो माणूस म्हणाला, "मंग काका, एसटीनं काहून चालले?" बांनी तोंड खिडकीकडं वळवलं. मला मात्र हसू आलं.

यवतमाळला गाडी बदलली. जोडमोह्यानंतर सागाचं रान लागलं. मोठाली पानं धुळीनं तांबूस झालेली. रान सरलं की तुरी, पिवळ्या फुलांनी भरलेल्या, आणि मधे मधे पांढरा फुटलेला कापूस. करंजीला उतरून आलूबोंडा आणि रस्सा खाल्ला. रस्सा इतका जहाल की बांनी डोळे पुसत दुसरी वाटी मागितली.

मारेगावात जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली होती. मालक वसंतभाऊ साठीच्या आसपासचे, कमरेला पट्टा बांधलेले. त्यांनी शेडमध्ये नेऊन आवरण काढलं. गाडी लाल होती आणि आरशासारखी चकाकत होती. बसलेल्या मांजरीसारखी बुटकी. वसंतभाऊ म्हणाले, "कंबर गेली भाऊ. बसतो तं उठवाले दोन मानसं लागते. नाहीतं विकली नसती."

बांनी गाडीभोवती एक फेरी मारली. टायरवर थाप मारली, वाकून पोटाखाली पाहिलं आणि मोठ्यानं सुरू झाले.

"पोट तं भुईले टेकून राह्यलं. आवाज पाहा, घशात काही अडकल्यावानी. अन् छत कापडाचं! एवढ्या पैशात पत्रा बी नाही देला?"

वसंतभाऊंचा चेहरा पडला. त्यांनी मुकाट्यानं आवरण पुन्हा गाडीवर ओढलं. "काका, राहू द्या. मले विकाचीच नाही आता."

बा माझ्याकडे बघायला लागले. आपलं काय चुकलं, हे त्यांना खरोखर कळेना. आणि गाडी माझ्या डोळ्यांदेखत झाकली जात होती.

बैलबाजारात जो बैल घ्यायचा नसतो त्याची तारीफ करून पुढं निघायचं असतं. जो घ्यायचा त्याला मालकासमोर नावं ठेवायची. मालक ती ऐकून सुखावतो, गिऱ्हाईक खरं आहे म्हणून. पण वसंतभाऊंनी आयुष्यभर कापूस घेतला होता, बैल विकला नव्हता. मी घाईघाईनं म्हटलं, "भाऊ, बांना गाडी आवडली. नसती आवडली तर 'लय सुंदर' म्हणून चहा पिऊन उठले असते."

वसंतभाऊंनी आवरणाची दोरी बांधायला घेतली. दारात उभ्या त्यांच्या सौभाग्यवतींनाच हसू फुटलं. "असंच राह्यते! मले पाह्याले आलते तवा यायच्या बापानं माह्या भाजीत खोट काढली, पोळीत काढली, चहात बी काढली. अन् लगेच सुपारी फोडली. द्या आता गाडी. दोन नातवंडं बसत नाही तिच्यात."

वसंतभाऊही हसले. आवरण पुन्हा निघालं.

चहा झाल्यावर बांनी सरळ विचारलं, "भाऊ, खरं सांगा. उद्या विकाची पडली तं कोन घेईन?"

"इथं? कोनीच नाही," वसंतभाऊ म्हणाले. "शोरूमच्या फाटकाबाहेर आली तवाच किंमत पडली. पहिले काही वर्सं लय पडते. ते मी सोसलं. आता हळूहळू पडन. पन पडनच."

मी अभ्यास करून आलो होतो. मालक एकच, गाडी फार फिरलेली नाही, अपघात नाही, देखभाल वेळच्या वेळी झालेली; अशा गाडीला पुण्या-मुंबईकडे गिऱ्हाईक मिळतं, हे मी बांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजे बैलाच्या उलट," ते म्हणाले. "गोऱ्हा मोठा होईस्तोवर भाव चढते. हे जन्मली तशी म्हातारी होऊन राह्यली." मग मला बाजूला नेऊन आमच्या गोर (बंजारा) बोलीत विचारलं, "तुला ही कशाला पाहिजे? खरं बोल."

प्रतिष्ठा, धंद्यातलं वजन, अशी बरीच उत्तरं मी तयार ठेवली होती. तोंडातून एवढंच निघालं, "चालवायला."

बा मागं वळले. मग खांद्यावरचा रुमाल काढून वसंतभाऊंसमोर बसले. "या. हात द्या."

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. वसंतभाऊंना ही रीत ऐकून माहीत होती. रुमाल हलायला लागला. एकदा वसंतभाऊंनी "अबब!" म्हणत हात मागं घेतला, बांनी तो पुन्हा ओढला. अखेर दोघांनी टाळी दिली. पैसे माझे, आणि आकडा मला सर्वांत शेवटी कळला. माझ्या अंदाजापेक्षा तो कमी होता.

कागदांवर सह्या झाल्या आणि आम्ही निघालो. बांनी डोक्याचा फेटा हनुवटीखाली बांधला, कारण छत उघडं ठेवायचा हट्ट त्यांचाच. गावाबाहेरच्या पहिल्याच गतिरोधकावर खालून खर्रकन् आवाज आला. माझा जीव गेला. उतरून पाहिलं तर ओरखडा होता, बाकी काही नाही. पुढचा गतिरोधक दिसला तसे बा म्हणाले, "थांब." ते उतरले, गाडी रिकामी पुढं काढायला लावली, पलीकडं येऊन परत बसले. चढावर बैलाला ओझं नको म्हणून बैलबंडीतून उतरतात, तसे. यवतमाळपर्यंत प्रत्येक गतिरोधकाला हेच. मागून ट्रकवाले भोंगे वाजवत होते, बा त्यांना हातानं दम देत होते.

करंजीला एक जीपवाला गाडीभोवती फिरून म्हणाला, "सवाऱ्या किती बसते?"

"दोन."

"मंग पोट कसं भरन हे?"

"आमचं भरलं हाये," बा म्हणाले.

यवतमाळात पेट्रोल भरताना काळा चष्मा लावलेला एक तरणा माणूस जवळ आला. "काका, विकाची हाय काय?"

माझ्या आधी बा बोलले, "काय देता?"

त्यानं आकडा सांगितला. आम्ही दिला त्याच्यापेक्षा मोठा. त्याच्याकडं तेवढे होते की नव्हते, देव जाणे. बांनी शांतपणे मान हलवली.

"नाही ना बापा. विकाची नाही. असंच इचारलं."

लोहारा मागं पडलं, दारव्ह्याचा रस्ता लागला. ऊन कलतं झालं होतं, कापूस वेचून बाया घरी निघाल्या होत्या. बा स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होते. गाडीचं मोल उतरत जाईल, हे मला माहीत आहे. असा घसारा काढायलाच मी बी.कॉम.ला शिकलो. पण ते मोजत बसायची वेळ आज आमच्यावर नाही, आणि माझी खरी कमाई मी तीच धरतो.

तांड्यावर पोचलो तेव्हा सगळी माणसं बाहेर आली होती. याडीला मी शेजारी बसवलं आणि तांड्याभोवती एक चक्कर मारली. पुढं रीतसर गाडी माझ्या नावावर झाली. पूर्ण पैसे देऊन घेतलेली, आमच्या घराण्यातली ही पहिली वस्तू, जी आम्ही अडचणीत विकता यावी म्हणून नाही, चालवायला म्हणून घेतली.