नावं सरकत होती

परदेशातल्या एका महोत्सवात मराठी सिनेमांचा खास विभाग होता. सिनेमे निवडले मी, माहितीपत्रक लिहिलं मी, आणि पडद्यासमोर उभं राहून ‘आमची माणसं समजून घ्या’ असं छातीठोकपणे सांगितलंही मीच.

सिनेमा संपला. नावं सरकायला लागली आणि आम्ही दहा-बारा मराठी मंडळी सवयीनं उठलो. आपल्याकडे एव्हाना दारं उघडलेली असतात, पार्किंगची घाई असते. कोट चढवताना मागे पाहिलं, तर बाकीचं थिएटर जागच्या जागी बसलेलं. माझ्यामुळे पडदा दिसेना म्हणून मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मान वाकडी केली. मी वाकून बाहेर सटकलो.

नंतर तेच गृहस्थ मला शोधत चहाच्या टेबलाशी आले. माहितीपत्रक पुढे धरून म्हणाले, "बारशात पाळणा म्हणणारी ती बाई कोण? यात तिचं नाव नाही. जरा लिहून द्याल?" त्यांनी पेनही दिलं.

हा सिनेमा मी चारदा पाहिला होता. चारही वेळा नावं सुरू होताच उठलो होतो. जगानं आपल्या माणसांना ओळखावं म्हणून समुद्र ओलांडून आलो होतो म्हणे!

"विचारून सांगतो," मी पुटपुटलो.

"पडद्यावर असणार, पण तुमच्या लिपीत," ते ओशाळून म्हणाले. "मी शेवटपर्यंत बघत होतो. मला वाचताच येईना."

ओशाळले ते. वाचता येणारा मी, त्यांचं पेन धरून नुसता उभा होतो.