रक्तातल्या मोठ्या पेशी

वहिनीला पायातली चप्पल निसटलेली कळायची नाही. एकदा ती अंधेरीच्या बाजारातून चाळीपर्यंत एकाच पायात चप्पल घालून आली. मी दाखवलं तेव्हा आम्ही दोघी हसलो. नंतर मात्र मला ते हसू खुपत राहिलं.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी इंटर सायन्सला होते. दादाच्या लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती. वहिनीचा चेहरा पिवळट पडत चालला होता, जीभ लालबुंद, गुळगुळीत झाली होती. पायांना मुंग्या यायच्या, जिना चढताना ती मध्येच बसायची. गल्लीतल्या डॉक्टरांनी लोहाचं टॉनिक दिलं. त्याने काहीच फरक पडेना, तेव्हा त्यांनी रक्त तपासायला सांगितलं.

रिपोर्ट पाहून ते म्हणाले, "हिमोग्लोबिन कमी असेल हे वाटलंच होतं. पण लाल पेशी कमी, पांढऱ्या कमी, प्लेटलेटसुद्धा कमी. मोठ्या इस्पितळात दाखवा. छातीच्या हाडातली मज्जा काढून बघतील."

जिन्यात दादाने मला गाठलं. "तिन्ही कमी म्हणजे काय गं? तू सायन्सला आहेस ना?"

"मला काय माहीत रे? आम्ही बेडकाच्या पुढे गेलो नाही."

तरी मी कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तक काढलं. त्यात रक्ताच्या कर्करोगाचं पान निघालं. पुढे वाचवेना, मिटून टाकलं. घरी कुणालाच स्वस्थ बसवत नव्हतं. दादा गॅलरीत येरझारा घालायचा, आई घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची, आणि माझी नजर सारखी वहिनीकडे जायची.

"वन्सं, असं बघू नका हो," ती एकदा म्हणाली. "तुमच्या बघण्याचीच भीती वाटते मला."

इस्पितळात मज्जा काढली. सुई आत गेली तेव्हा तिने हूं की चूं केलं नाही. बाहेर आल्यावर मात्र माझा दंड घट्ट धरून उभी राहिली. निकालाच्या दिवशी दादाने मलाही सोबत नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बसायला सांगायच्या आधीच सांगितलं, "कर्करोग नाही."

दादाने खुर्चीची पाठ धरली.

"लोह कमी असतं तेव्हा लाल पेशी लहान आणि फिकट होतात," बाई म्हणाल्या. "हिच्या मात्र त्याउलट मोठ्या आहेत, पण कच्च्या. रक्त तयार व्हायला मांस-दुधातून मिळणारं एक जीवनसत्त्व लागतं, ते हिला मिळत नाहीये. म्हणून टॉनिक लागू पडलं नाही. पायांच्या मुंग्याही त्यामुळेच. मांस-मच्छी खाता?"

"आमच्याकडे चालत नाही," दादा म्हणाला.

"मग दूध, दही, ताक?"

"नाही घेत," वहिनी म्हणाली.

"असं कसं? तबेला समोर आहे, रोज दूध येतं घरात!" दादा म्हणाला.

वहिनी खाली बघत होती. "पहिला मुलगा गेला तेव्हापासून सोडलंय. दुसरं होऊन ते पायावर उभं राहीपर्यंत दूधदुभतं शिवणार नाही, असं देवीला बोललेय मी."

एका पंगतीला जेवणारे आम्ही, कुणालाच पत्ता नव्हता.

"आता घ्यायला लागा," बाई म्हणाल्या.

"ते नाही जमायचं."

"अगं, जिवावर बेतलंय!" दादा ओरडला.

"इंजेक्शनं द्या ना बाई. कितीही द्या."

बाईंनी इंजेक्शनं लिहून दिली. औषध लालभडक होतं. आठवड्याभरात तिला सणसणून भूक लागली. पुढच्या तपासणीत नव्या पेशी भराभर वाढलेल्या दिसल्या. दादाची येरझार त्यानंतरही थांबली नाही. प्रत्येक रिपोर्टच्या आदल्या दिवशी ती सुरू व्हायची. पायांचा बधिरपणा पूर्ण गेला नाही. अंधारात वहिनी भिंतीला हात लावून चालायची.

पुढे मुलगी झाली. पेटीला धरून ती पहिल्यांदा उभी राहिली, त्याच दुपारी आईने वहिनीच्या हातात दुधाचा पेला दिला. वहिनीने तो नाकापाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. एवढ्या वर्षांत तिला दुधाचा वासच सोसवेनासा झाला होता. एक घोट घेतला तोही मोरीत गेला. आई कपाळाला हात लावून बसली, आणि वहिनी ओल्या डोळ्यांनी हसत सुटली.

इंजेक्शनं चालूच राहिली.