मथुराबाईच्या तळघराची हवा

मथुराबाई छप्पन सालच्या दसऱ्याला नागपुराहून बौद्ध होऊन आली, तेव्हा घरातले देव टोपलीत घालून तिनं पूस नदीत सोडले आणि रिकाम्या कोनाड्यात चुन्याचा डबा ठेवला. “याचा उपेग तरी होते,” म्हणाली. बाई अशीच. नवरा देवराव गवंडी. त्याच्या हाताखाली विटा वाहता वाहता तीही अर्धी गवंडी झाली होती. तो गेला आणि पुसदच्या उतारावर त्यानं बांधलेल्या घरात ती एकटी उरली.

घराखाली उतारामुळे पोकळी होती. बासष्ट साली तिनं ती खणून, लिंपून तिथे खोली केली, ती नलूसाठी. नलू सरकारी दवाखान्यातली नवी नर्स, उमरखेडच्या बौद्ध घरातली. खोली पाहायला गेली की घरमालक आधी नाव विचारत, मग गाव, मग आडनाव. आणि आडनावापाशी आलं की खोली नेमकी कालच दिलेली असे. ती दवाखान्याच्या कोठीत औषधांच्या खोक्यांशेजारी झोपत होती. पावसाळ्याआधी कोठी रिकामी करायची होती, नाहीतर नोकरी सोडून घरी.

“माह्यापाशी वरतं राह्य,” मथुराबाई तिला आधी म्हणाली होती.

“उपकारानं नाई राह्यत, मावशी. भाडं देईन. माही खोली पायजे मले.”

मथुराबाईला हे पटलं, आणि तिथूनच शुक्लकाष्ठ मागे लागलं. नगरपालिकेचे ओव्हरसियर नीळकंठराव नाकाला रुमाल लावून खाली उतरले. “हे तळघर झालं. धान्य ठेवायची परवानगी मिळेल. माणसाला हवा-उजेड लागतो.”

“म्हंजे उंदराले परवाना हाय, नर्सबाईले नाई?”

नीळकंठरावांनी दोन खिडक्या सांगितल्या. मथुराबाईनं छिन्नी-हातोडा घेऊन दोन पाडल्या आणि रागाच्या भरात तिसरीही पाडली. परवाना मिळाला.

पण सरकार एका दारानं बाहेर पडलं की दुसऱ्यानं आत येतं. खोली भाड्यानं द्यायची तर भाडेनियंत्रणाच्या कचेरीला कळवायचं, आणि कचेरी ती आधी रांगेतल्या सरकारी नोकराला देणार. रांगेत नलूचं नाव होतं. तिच्या आधी होता कमलाकर, तहसिलीतला ब्राह्मण कारकून.

मथुराबाई मुळीच घाबरली नाही. आपल्या घरचं पाणी पुढे आलं की हा धोतर सावरत पळेल, याची तिला खात्री होती. कमलाकर खोली पाहायला आला तो ऐन मे महिन्याच्या उन्हात. तिनं गडवाभर पाणी दिलं. त्यानं ते गटागटा पिऊन टाकलं.

“अजून आहे का?”

“काहून प्याले?” तिच्या तोंडून निघून गेलं.

“तहान लागली होती.”

मेला चांगला निघाला! मथुराबाई मनात चरफडली. वाईट माणसाला शिव्या तरी देता येतात. याचं काय करावं? शेवटी तिनं नलूचं सगळं सांगून टाकलं.

कमलाकर ओशाळला. “त्यांचं खरं आहे. पण मीही धर्मशाळेत ढेकूण मारतोय, मावशी. नंबर माझा आहे.”

तेही खरंच होतं. तो किल्ली घेऊन गेला. मथुराबाईनं नलूला सांगितलं तेव्हा ती खोक्यांवरची धूळ झटकत राहिली.

रविवारी कमलाकर अमरावतीहून बायकोला घेऊन आला. पद्मजाबाई टांग्यातून उतरल्या, दारातून भिंतीवरची बुद्धाची तसबीर पाहिली आणि पुन्हा टांग्यात जाऊन बसल्या. नवरा-बायको काय बोलले ते मथुराबाईला ऐकू आलं नाही. ऐकायची गरजही नव्हती.

संध्याकाळी कमलाकर एकटाच किल्ली परत द्यायला आला, मान खाली घालून. जागा का नाकारली, हे कचेरीला लिहून द्यावं लागणार होतं. काय लिहिलं ते मथुराबाईनं वाचून दाखवायला लावलं.

“तळघरात हवा नाही,” त्यानं वाचलं.

तिला जे हवं होतं ते आयतं दारात चालून आलं होतं, तरी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “हे लिहाल तं परवाना जाईन. मंग नलू कुठं राहीन? तीन खिडक्या फोडल्या म्या. खोलीत हवा हाय, कमलाकरराव. तुमच्या घरात नाई.”

कमलाकरनं खिशातलं पेन काढलं. मग त्यानं ती ओळ खोडली, नवी लिहिली आणि न सांगताच वाचून दाखवली: “जागा चांगली आहे. दोष जागेचा नाही.”

पाऊस लागायच्या आत नलूच्या नावाचा हुकूम आला. ती ट्रंक घेऊन आली, आधी भाडं हातावर ठेवलं, मग खाली उतरली. मथुराबाईनं जेवायला वर बोलावलं, तर म्हणाली, “आज नाई मावशी, आज माह्या खोलीत जेवतो.”

मथुराबाई ओट्यावर बसून राहिली. खालून नलूनं आतून कडी लावल्याचा आवाज आला, आणि तिला रडूच फुटलं.