दुसऱ्यांचे पेपर

मावशींनी आयुष्यात जेवढे पेपर लिहिले, तेवढे त्या विद्यापीठातल्या एकाही विद्वानाने लिहिले नसतील. अर्थशास्त्र लिहिलं, राज्यशास्त्र लिहिलं, मानसशास्त्र लिहिलं, एकदा तर संगीताचा लेखी पेपरही लिहिला, आणि मावशींना सूर म्हणजे काय ते आजतागायत कळलेलं नाही. ते पेपर देऊन पास झालेली माणसं आज बँकेत आहेत, शाळांत शिकवतात, एक जण तर वकील होऊन नाव काढून बसलाय. मावशी मात्र पदवीच्या उंबऱ्यावरच राहिल्या. एकाच पेपरासाठी.

त्या लेखनिक होत्या. ज्या मुलांना दिसत नाही ती परीक्षेत उत्तर तोंडाने सांगतात आणि समोर बसलेलं माणूस ते जसंच्या तसं उतरवून घेतं, त्या माणसाला लेखनिक म्हणतात. बाकीच्यांना बोलण्याचा त्रास नको म्हणून या जोडीला वेगळं बसवायचे. परीक्षा भवनाच्या मागच्या जिन्याखाली एक खोली होती. समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये एका पायाने अधू असलेलं टेबल, त्या पायाखाली घडी घालून सरकवलेला पुठ्ठा, आणि सायकल स्टँडवर उघडणारी एक खिडकी. बस, एवढंच. मावशी प्रश्न वाचून दाखवायच्या, पेनाचं टोपण काढायच्या आणि म्हणायच्या, "हं, सांगा."

हे सगळं सुरू कसं झालं, त्याची एक गोष्ट विद्यापीठात अजून सांगतात. मावशी तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होत्या. इतिहासाचा शेवटचा पेपर. दारात परीक्षा विभागातला एक कारकून घाम पुसत उभा. एम.ए.चा एक विद्यार्थी, दिसत नाही बिचाऱ्याला, आणि त्याचा लेखनिक ऐनवेळी आलाच नाही. कुणी बसेल का? आणि मावशी, तेव्हाची ती कोवळी मुलगी, स्वतःचा पेपर सोडून त्याच्यासाठी बसली. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमात हे ऐकून लोक डोळे पुसायचे.

"त्याग कसला डोंबलाचा," मावशी घरी येऊन म्हणायच्या. "माझा अभ्यास झाला नव्हता. तो कारकून मला देवासारखा भेटला."

एक पेपर राहिला तर राहिला, पुढच्या वर्षी देऊ, असं त्यांनी ठरवलं. पण घोडं अडलं ते नियमापाशी. उत्तर कुणाचं आणि मार्क कुणाला असा घोळ नको म्हणून लेखनिक हा परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला लागतो. पदवीच्या परीक्षेला पदवीधर लेखनिक चालत नाही. आणि मावशींकडे येणारी बहुतेक मुलं पदवीचीच. म्हणजे मावशी पास झाल्या की त्यांची खुर्ची गेली. दर वर्षी फॉर्म भरायची वेळ यायची, आणि दर वर्षी कुणीतरी पोर दारात येऊन म्हणायचं, "मावशी, यंदा नको ना. माझं शेवटचं वर्ष आहे." मावशी विरघळायच्या. हे पुढच्या वर्षीचं गाडं पुढे ढकलता ढकलता केस पांढरे झाले.

यजमान विद्यापीठाच्या ग्रंथालयात बांधणी विभागात होते. फाटकी पुस्तकं शिवायची, संशोधकांच्या प्रबंधांना कापडी पुठ्ठे चढवायचे. स्वभावाने मिश्कील. पाहुणे आले की म्हणायचे, "मी लोकांचे प्रबंध बांधतो, ही लोकांचे पेपर लिहिते, आणि घरात पदवी बघाल तर औषधालाही नाही."

त्यांचंच डोकं की मावशींनी पुस्तकं वाचून कॅसेटवर भरायला सुरुवात केली. रात्रीची जेवणं आटोपली की स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर. त्या कॅसेट वसतिगृहातून वसतिगृहात फिरायच्या, मुलं झिजेपर्यंत ऐकायची. राज्यशास्त्राच्या कॅसेटमध्ये सार्वभौमत्वाच्या व्याख्येनंतर यजमानांची एक सणसणीत शिंक होती. मुलं सांगायची, "मावशी, काका शिंकले की मागची व्याख्या आपोआप आठवते." यजमानांना या गोष्टीचा फार अभिमान होता.

ते दिवसच वेगळे होते. तेव्हा विद्यापीठ म्हणजे दगडी इमारती चार, आणि मध्ये मोकळं माळरान. वर्गातून वर्गात जायला मुलं सायकली हाणायची. ग्रंथालयाच्या मागच्या गॅलरीत दुपारभर मावशी वाचायच्या आणि चार-पाच मुलं भिंतीला टेकून ऐकायची, टोच्याने जाड कागदावर ब्रेलचे ठिपके टोचत. प्राध्यापक येता-जाता थांबायचे. एखाद्याचं तिथेच व्याख्यान सुरू व्हायचं, मग ऐकायला दिसणारी मुलंही जमायची, आणि ग्रंथपाल येऊन सगळ्यांना हाकलून द्यायचा. पुढे इमारती वाढल्या, माळरान संपलं, सायकल स्टँडवर मोटारसायकली आल्या. मावशींना सुरुवातीला मुलं ताई म्हणायची, मग मावशी म्हणायला लागली. त्या मोठ्या झाल्या ते विद्यापीठाकडे बघत, आणि तसं म्हणताना त्यांना अजूनही गलबलून येतं.

कानाने शिकलेल्या माणसाचा एक घोटाळा असतो. मावशींना सगळं पाठ होतं, पण मुलांनी सांगितलं होतं तसं. बरोबर तेही पाठ आणि चूक तेही पाठ. कुणीतरी लोकसंख्येचा एक सिद्धांत असा ठणकावून उलटा सांगितला होता की मावशींच्या डोक्यात तो कायमचा उलटाच बसला.

आणि या सगळ्यात पहिली चूक होती त्या एम.ए.च्या विद्यार्थ्याची, जो पुढे त्याच विद्यापीठात इतिहास शिकवायला लागला आणि सगळ्यांचा सर झाला. त्याच्या शेवटच्या पेपरात प्रश्न होता पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाचा. फ्रान्स आणि जर्मनी त्याच्या अर्धशतक आधीही लढले होते, आणि तेव्हाही त्याच व्हर्सायच्या राजवाड्यात कागदावर सह्या झाल्या होत्या. फरक इतकाच, की आधीच्या लढाईत फ्रान्स हरला होता आणि महायुद्धात जर्मनी. दमलेल्या सरांची गाडी नेमकी आधीच्या लढाईच्या रुळावर गेली. "फ्रान्सला आपले दोन प्रांत जर्मनीला द्यावे लागले..." ते रंगून सांगत राहिले, आणि मावशी लिहीत राहिल्या. चूक त्यांच्या लक्षात आली होती. इतिहासच होता त्यांचा विषय. पण लेखनिकाने सुचवायचं नसतं, खाकरायचंसुद्धा नसतं. त्या मूग गिळून बसल्या आणि पान भरलं.

दुसऱ्या दिवशी सर शोधत आले. "ताई, तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही गप्प राहिलात?"

"पेपर तुमचा होता," मावशी म्हणाल्या. पण घरी जाऊन त्या रडल्या. सरांचा पहिला वर्ग त्या एका उत्तराने हुकला.

वर्षभर सर बोलले नाहीत. मग तोच पेपर पुन्हा द्यायचं ठरवलं, आणि लेखनिक म्हणून मावशींनाच बोलावलं. "मला तुमच्यासारखंच माणूस हवं," ते म्हणाले. "मी बोलेन तेच लिहिणारं. चुकलं तर मीच सांगेन, ‘ताई, खोडा ते.’ तोवर थांबू नका." मावशींना आयुष्यात मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक. त्या कुणाला सांगायच्या नाहीत, पण विसरल्याही नाहीत.

मग बोलणारे संगणक आले. मुलं कानाला यंत्र लावून स्वतःच पटापटा टाइप करायला लागली. चांगलंच झालं, मावशी मनापासून म्हणायच्या, आपल्या हाताने लिहिल्याचं सुख वेगळं असतं. पण परीक्षेचे दिवस आले की सकाळपासून घरात उगाच भांडी वाजायची. जिन्याखालच्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवायला लागले होते.

साठी उलटली त्या वर्षी विद्यापीठाने जाहीर केलं, जुन्या अभ्यासक्रमातले ज्यांचे विषय राहिले असतील त्यांना ही शेवटची संधी. यापुढे तो अभ्यासक्रमच बंद. बातमी सरांनी आणली. ते निवृत्त झाले होते, पण पांढरी काठी टेकत रोज विद्यापीठात एक चक्कर असायचीच.

"आता कुणासाठी थांबणार आहात, ताई?"

"वय काय माझं? लोक हसतील."

"ती घाबरली आहे हो," यजमान आतून म्हणाले. "चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मागे लपली, आता लपायला जागा नाही."

हे मात्र वर्मी लागलं. मावशी तरातरा उठल्या आणि फॉर्म भरून आल्या. आणि मग पदवी हवीच, असं त्यांना वाटायला लागलं. पास झाल्या तर पदवीधर, नापास झाल्या तर कायमच्या अर्धवट. मधलं काही नाही. त्यांनी सुनेसमोर हे बोलून दाखवलं.

पेपराच्या दिवशी सर आणि यजमान दोघंही पोचवायला आले. "आज मी बाहेर, तुम्ही आत," सर म्हणाले, आणि दोघे सायकल स्टँडच्या कट्ट्यावर जाऊन बसले. सरांना बसल्या जागी काठीने जमिनीवर टकटक करायची सवय होती.

मोठ्या हॉलमध्ये नातवंडांच्या वयाची मुलं. प्रश्नपत्रिका आली. मावशींनी प्रश्न वाचला, टोपण काढलं, पेन कागदाला लावलं आणि थांबल्या. थांबूनच राहिल्या. उत्तर येत होतं, पण हात हलेना. बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं की आपण कुणीतरी बोलायची वाट बघतोय. इतकी वर्षं हात आवाजाच्या मागे चालला होता. नुसत्या मनातल्या शब्दांना तो ओळखच देईना.

त्यांनी हळूच पुटपुटून पाहिलं, तर पेन चाललं. पण पुढचा मुलगा वळून बघायला लागला. तरुण पर्यवेक्षिका आली. "आजी, मनात."

"मनात नाही हो जमत," मावशी म्हणाल्या, आणि त्यांना शरमेने रडूच आलं. "मला ऐकल्याशिवाय लिहिता येत नाही."

पर्यवेक्षिकेने वरिष्ठांना बोलावलं. ते जुने होते, मावशींना ओळखत होते. त्यांनी डोकं खाजवलं. "हे नियमात बसत नाही," ते म्हणाले, "पण बसत नाही असंही कुठे म्हटलेलं नाही." शिपायाने जिन्याखालच्या मोडक्या खुर्च्या बाहेर काढल्या, टेबल पुसलं, आणि पर्यवेक्षिका दारात स्टूल टाकून बसली.

मावशी सवयीने आपल्या खुर्चीवर बसल्या. समोरची खुर्ची रिकामी. खिडकी उघडी. "हं, सांगा," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच सांगायला लागल्या. जीव भांड्यात पडला. शब्द येत गेले, हात त्यांच्या मागे धावत गेला, गेलेला वेळ भरून निघायला लागला.

मग आला व्हर्सायचा तह. मावशींनी तोंड उघडलं आणि आतून अस्खलित उत्तर बाहेर पडलं. "फ्रान्सला आपले दोन प्रांत जर्मनीला द्यावे लागले..." वाक्यं सरांची, थांबे सरांचे, श्वास घ्यायच्या जागासुद्धा सरांच्या. दोन-तीन ओळी झाल्या आणि मावशींना कळलं. चूक आहे. तीच ती चूक, चाळीस वर्षं जशीच्या तशी कानात जपलेली.

पण हात थांबला नाही. तोंड बोलत होतं आणि हात लिहीत होता, कारण लेखनिकाने मध्ये थांबायचं नसतं. बाहेर सरांची काठी टकटकत होती, ती एकदम बंद पडली. मावशींनी खिडकीतून पाहिलं. सरांनी मान वर केली होती, कान खिडकीकडे. त्यांनी आपलं उत्तर ओळखलं होतं. यजमान काहीतरी विचारत होते, आणि सर ओठ घट्ट मिटून, काठी दोन्ही हातांनी धरून बसले होते. खाकरलेसुद्धा नाहीत. पेपर मावशींचा होता.

तेव्हा मावशींना पहिल्यांदा कळलं की त्या दिवशी त्या खुर्चीत गप्प बसताना आपण काय सोसलं होतं, आणि हे माणूस आज तेच सोसतंय. समोरची खुर्ची अजून रिकामीच होती. तिथून सांगणारं दुसरं कुणी येणार नव्हतं.

मावशी उठल्या, टेबलाला वळसा घालून त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसल्या. पर्यवेक्षिका बघतच राहिली.

"ताई, खोडा ते," मावशी मोठ्याने म्हणाल्या. "सगळं."

मग पुन्हा आपल्या जागी आल्या, भरलेल्या पानावर पट्टीने आडवी रेघ मारली, नवीन पान काढलं, आणि पेन कागदाला लावून म्हणाल्या,

"हं, सांगा."