मागचा पट

श्रावण वद्य चतुर्दशी, पोळ्याचा आदला दिवस. या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीने शेकतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. मी ओसरीवर बसून चिंचेच्या कोळाने बैलांच्या घुंगरमाळा घासत होते. तेवढ्यात फाटकातून सोमाजी आला. सोमाजी म्हणजे माझ्या मोठ्या जावेचा धाकटा भाऊ, लाखांदूरकडचा. पाणी प्यायला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "लहानबाई, तुमचा मोत्या यंदा माह्या बैलासंगं पटात लावाले द्या. बाई गेली. आता राग कायचा?"

जाऊबाईंना जाऊन वर्षही झालं नव्हतं. "सकाळी सांगते," एवढंच मी म्हटलं आणि पुढची माळ ओढली.

जाऊबाईंना गावात सगळे पटवाली म्हणत. आमच्याकडे धान घरात आलं की बांध्या, म्हणजे धानाची शेतं, मोकळ्या होतात आणि गावोगाव शंकरपट भरतात. बैल धावण्यासाठी शेजारी शेजारी दोन पट्ट्या आखतात, त्यांना दान म्हणतात. दोन्ही दानींवर हलक्या गाडीला जुंपलेली एकेक जोडी सुटते आणि माणसं घसा फुटेस्तोवर ओरडतात. बायका मागे, गाड्यांवर उभ्या राहून पाहतात. जाऊबाई कधी ओरडल्या नाहीत. जोडी पोचली, गुलाल उडाला, सगळे नाचायला लागले, की तेव्हा त्या टाचा उंच करून पाहायला लागायच्या. बैल थांबला कसा, धाप किती लागली, मान कुठे वळवली, कान कुठे गेले. "जितला ते सारे पायतेत," त्या म्हणायच्या, "कसा जितला ते कोणी पायत नाही."

घरी आल्यावर भासरे, म्हणजे त्यांचे यजमान, पैज लावायच्या गोष्टी करत. जाऊबाई भाकरी थापता थापता विचारत, "मागच्या पटात कोणासंगं धावला तो? दान कोन्या तोंडाची होती? सकाळी का संध्याकाळी?" भासऱ्यांना यातलं काहीच आठवत नसे. "पयला आला ना! आनखी काय पायजे?" ते चिडत. "लंगड्यासंगं धावला तं मी बी पयली येईन," जाऊबाई भाकरी उलटवत म्हणायच्या.

माणसांनाही त्यांनी तेच माप लावलं. आमच्या नणंदेला स्थळ आलं, मुलगा मॅट्रिकला दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झालेला. घरात सगळ्यांची तोंडं पडली. जाऊबाई म्हणाल्या, "दोनदा पडूनबी दानीवरून बाहेर नाही गेला. द्या पोरगी." तो जावई आज आमच्या सगळ्या जावयांत बरा निघाला आहे. मला पाहायला आल्या तेव्हा त्यांनी माझ्या आईला विचारलं होतं, "हिले ताप आला का रडते, का झोपते?" आई म्हणाली, झोपते. "मंग चालते," जाऊबाई म्हणाल्या. मला राग आला होता. पण त्या घरात रडणारी टिकली नसती, हेही खरं.

त्यांचा पाखऱ्या नावाचा बैल होता. गाय वीत असतानाच मेली, तेव्हा वासराला त्यांनी बोटावर दूध पाजून वाढवलं. तो त्यांच्या आवाजाने उठायचा आणि त्यांच्याच हातचं पाणी प्यायचा. सोमाजी एका हिवाळ्यात आला आणि पाखऱ्या मागितला. त्याच्याकडे एक चांगला बैल होता, पण जोड नव्हता. बहिणीच्या घरचा बैल मागायला भाऊ आला, नाही कसं म्हणणार? जाऊबाईंनी पाखऱ्याच्या गळ्यात घुंगरमाळ घालून पाठवला.

सोमाजीची जोडी लागोपाठ पट जिंकत गेली. निरोप येत राहिले, पाखऱ्याचं नाव झालं. शेवटी हिवाळा सरताना एका गाडीतून पाखऱ्या परत आला. गाडीतून आला, कारण चालता येत नव्हतं. मागचा डावा पाय टेकत नव्हता आणि पुठ्ठ्यांवर खिळ्याच्या जखमा होत्या, काहींत किडे पडलेले. गाडीतल्या गवतात सोमाजीची तुतारीही येऊन पडली होती. तुतारी म्हणजे टोकाला आर, अणकुचीदार खिळा, ठोकलेली काठी. गाडीवानाने निरोप सांगितला, "सोमाजीभाऊ म्हणे, बाईच्या हातचा बैल, कच्चाच निंघाला."

 जाऊबाईंनी कडुनिंबाचा पाला उकळून जखमा धुतल्या. ती तुतारी गोठ्याच्या आढ्याला खोचून ठेवली. त्यानंतर त्या माहेरी गेल्या नाहीत. भावाच्या घरचं लग्न झालं, तरी नाही. पण सोमाजी धावणार असलेला एकही पट त्यांनी चुकवला नाही. कधी एसटीने, कधी कुणाच्या गाडीत, भासऱ्यांना मागे लावून जायच्या. मी एकदा विचारलं, "बोलत नाही, मग पाहायला कशाला जाता?" म्हणाल्या, "बोलून काय समजते? पायल्यानं समजते."

सोमाजीने नवी पांढरी जोडी घेतली होती. ती कुठेच हरली नाही. एका पटाहून घरी आल्यावर मात्र जाऊबाई मला म्हणाल्या, "उजवा पांढरा उन्हाले भेतो. आज ऊन तोंडावर आलं तं मान फिरवली त्यानं. समोरचे बैल रद्दी होते म्हणून निभलं." लोकांनी त्या दिवशी फक्त गुलाल पाहिला होता.

आमचं गाव कारध्याच्या बाजूला, वैनगंगेच्या काठी. आमची दान नदीकडे जाते, म्हणजे मावळतीकडे. जाऊबाईंनी भासऱ्यांना रोज दिवस कलल्यावर आमची जोडी त्या दानीवर न्यायला लावलं. "काहून संध्याकाळीच?" ते कुरकुरत. "सकाळी मले धुणं रायते," जाऊबाई म्हणत. याचा अर्थ त्यांना लागला नाही, पण ते गेले.

आणीबाणी उठल्यानंतरचा तो हिवाळा. आमच्या गावच्या पटाला सोमाजी पांढरी जोडी घेऊन आला आणि रीतीप्रमाणे बहिणीच्याच अंगणात उतरला. "काय बाई, बोलणं बंदच का अजून?"

"बैलाले विचार," जाऊबाई म्हणाल्या. कोपऱ्यात पाखऱ्या तीन पायांवर उभा होता.

चार माणसं जमली होती. सोमाजी हसला. "जनावरच कच्चं होतं, त्याले मी काय करू? उद्या लाव तुही जोडी माह्यासंगं."

"लावतो. तू हरला तं पोळ्याच्या आदल्या दिवशी इथं येशीन. पाखऱ्याचा खांदा तुह्या हातानं शेकशीन, आवतन तू देशीन. गावाच्या समोर."

"आन् तू हरली तं?"

"मी माहेरी येतो. सगळ्याईच्या पुढं म्हणतो का बैल माहाच कच्चा होता."

मी चुलीपाशी होते, माझ्या हातातला पळा थांबला. जाऊबाईंना एक वेळ मरण चाललं असतं, पण हे वाक्य नाही. वर त्या सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "सकाळीच धावून घे बापा. संध्याकाळी गर्दी रायते. हरला तं लाज वाटन."

सोमाजी पेटला. पंचांकडे जाऊन सांगून आला, आपली जोडी सर्वांत शेवटी सोडा.

शेवटी सोडली तेव्हा सूर्य नदीवर टेकला होता. अर्ध्या दानीपर्यंत पांढरी जोडी गाडाभर पुढे होती. मग बांधाची झाडं संपली आणि ऊन सरळ तोंडावर आलं. उजव्या पांढऱ्याने मान झटकली, जोडीदाराला रेटत दान सोडली आणि गाडी माणसांत घुसली. माणसं पळाली. आमचे दोघे खाली मान घालून, रोज जात तसे, नदीकडे निघून गेले. जाऊबाई त्याही दिवशी ओरडल्या नाहीत.

"सूर्य डोळ्यात आला ना बाई, नाही तं..." सोमाजी म्हणाला.

"आमच्या बैलाच्याबी डोळ्यात तोच होता."

त्या पोळ्याला सोमाजी एसटीने आला. अंगणात अर्धं गाव. जाऊबाईंनी लोणी-हळदीची वाटी त्याच्या हातात दिली. त्याने हात लावताच पाखऱ्याचं सगळं अंग थरथरलं. सोमाजीने खांदा चोळला आणि वाटी खाली ठेवायला गेला.

"खांद्याचं झालं," जाऊबाई म्हणाल्या. "आता खिया लावला तिथं लाव."

तो मागे गेला. केसांखाली खिळ्याच्या जखमांच्या गाठी होत्या, त्या एकेक करून त्याने चोळल्या. जाऊबाई शेजारी उभ्या राहून, सुटलेली दाखवत होत्या. मग त्याने रीतीचं वाक्य म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."  वळून म्हणाला, "आता झालं ना बाई?"

"बैलाचं झालं."

बैलाला जेवणाचं आवतन मिळालं, भावाला मिळालं नाही. तो पिवळ्या हातांनीच शेवटच्या एसटीत बसला. लोक म्हणाले, पटवाली फार कठोर. मला तसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. पाखऱ्या पुढे बरीच वर्षं जगला, तीन पायांवर.

जाऊबाई म्हणत, "एक पट वाईट जाते. दुसराबी तसाच गेला तं बैल तोच समजा." म्हणूनच यंदा मोत्या मागायला आलेल्या सोमाजीला मी सकाळपर्यंत थांबवलं. संध्याकाळी मोत्याचा खांदा शेकायची वेळ झाली, तेव्हा लोण्याची वाटी मुद्दाम सोमाजीजवळ पायरीवर ठेवली आणि आत गेले. दारातून पाहत होते. त्याने वाटी पायाने जरा बाजूला सारली, उठून मोत्यापाशी गेला, दात पाहिले, मागचे पाय दाबून पाहिले. मग परत येऊन तंबाखू मळत बसला. मी बाहेर येऊन खांदा शेकला, सोमाजीला जेवू घातलं, ओसरीवर अंथरूण दिलं.

सकाळी उठून गोठ्यात शिडी लावली आणि आढ्याला खोचलेली ती तुतारी काढली. लाखांदूरच्या एसटीच्या वेळेला सोमाजीसोबत फाट्यापर्यंत गेले आणि गाडी थांबल्यावर तुतारी त्याच्या हातात दिली. "ही तुमची वस्तू आमच्याकडे राहिली होती." आर अजून जागेवर होती, गंजलेली. मोत्याचं नाव न काढता तो चढला. मी घरी येऊन मोत्याच्या गळ्यात घुंगरमाळ बांधली आणि त्याला पोळ्याच्या तोरणाखाली नेलं.