चार बोटांवरून जाणारा ठोसा

पोत्याने साहेबांच्या हातचा जेवढा मार खाल्ला, तेवढा वाटला असता तर अख्ख्या गावाला पुरला असता. साहेब म्हणजे पडद्यावरचे साहेब. त्यांनी एक ठोसा हाणला की चार गुंड हवेत उडायचे आणि थिएटर शिट्ट्यांनी दणाणून जायचं. त्या चौघांतला पहिला उडणारा आपला पोत्या. पोतं टाकावं तसा धपकन पडतो म्हणून फायटर लोकांनी त्याला हे नाव दिलं आणि ते इतकं चिकटलं की त्याची सासूसुद्धा त्याच्या पाठीमागे त्याला पोत्याच म्हणायची.

तो जिन्यावरून गडगडला, काचेच्या दारातून आरपार गेला, चालत्या जीपच्या टपावरून खाली आला. बरगड्या मोडल्या, त्या जुळल्या, पुन्हा मोडल्या. करंगळी तर एकदा वाकडी झाली ती झालीच. पण विचारलंत तर तो छाती काढून सांगायचा की ठोसा लागतच नाही. गालापासून चार बोटांवरून जातो. कॅमेरा मारणाऱ्याच्या पाठीमागे असतो, त्यामुळे मधली फट कुणाला दिसत नाही. मारणारा नुसता हात फिरवतो. खरी कला खाणाऱ्याची. त्याने नेमक्या क्षणी मान झटकली नाही, तर जगातला सगळ्यात मोठा नायकही माशी हाकलल्यासारखा दिसतो.

साहेबांना मूठ वळायला यानेच शिकवलं होतं. तेव्हा साहेब नवखे होते, मेकअपच्या खोलीत जमिनीवर झोपायचे आणि अंगठा मुठीच्या आत घालायचे. तो अंगठा पोत्याने बाहेर काढला. मग साहेबांचे पोस्टर चौकाचौकात लागले, घराला उंच फाटक आलं, बायका दोन झाल्या. पुढे सिनेमे आपटायला लागले आणि केसांना कलप आला. या सगळ्यात एक गोष्ट बदलली नाही. ठोसा खायला त्यांना पोत्याच लागायचा आणि पोत्याला त्याचा भारी अभिमान होता.

पोत्याच्या बायकोचा तर साहेबांवर जीव. नवऱ्याबरोबर थिएटरात जायची आणि साहेबांनी ठोसा हाणला की टाळ्या पिटायची. ‘अगं, तो उडाला तो मी होतो,’ असं याने कानात सांगितलं, तर म्हणायची की हो का, फार लवकर पडलात. घरी आल्यावर अंगावरचे काळेनिळे डाग दिसले तरी ती घाबरायची नाही. सिनेमातला मार खोटा असतो, आवाज मागून घालतात, हे नवऱ्यानेच तिच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. डाग कसले, तर गादीवरून घसरलो.

मग साहेबांचा उजवा डोळा विझत चालला. मेकअपच्या खोलीत दार लावून, पोत्याचा हात हातात घेऊन त्यांनी हे सांगितलं. बाहेर कळलं तर मला उद्यापासून आजोबांची कामं देतील, म्हणाले. दोघांनी मिळून तोड काढली. फायटिंगच्या वेळी पोत्याने जिभेने टक् असा आवाज काढायचा. साहेबांनी त्या आवाजाच्या चार बोटं बाजूला हात फिरवायचा.

बऱ्याचदा जमायचं. एकदा नाही जमलं आणि पोत्याच्या डाव्या डोळ्याचा आतला पडदा फाटला. डॉक्टरने जोडून दिला आणि बजावलं, की या बाजूला आणखी एक फटका बसला तर हा डोळा गेला म्हणून समजा. तिथेही हा म्हणाला की न्हाणीघरात पडलो. शहाण्या माणसाने तिथेच हात जोडले असते. पण शहाणपण आणि पोत्या यांचा छत्तीसचा आकडा. साहेबांचा मोठा सिनेमा आला, बुडत्या माणसाला मिळालेला शेवटचा, आणि साहेबांनी स्वतः फोन केला.

‘दुसऱ्या कुणाच्या तोंडाचा अंदाज येत नाही रे मला,’ साहेब म्हणाले. हा निघाला.

त्या दिवशी बायकोही आली. आयुष्यात पहिल्यांदाच. साहेबांना जवळून पाहायचं म्हणून नव्या चपला घालून कॅमेऱ्यामागच्या खुर्चीत बसली. सेट गोदामाचा होता, भोवती लोखंडी पिंपं रचलेली. वादळ दाखवायला भलामोठा पंखा आणला होता. तो सुरू झाला तशी त्याच्या घरघरीत शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना. जिभेचा आवाज साहेबांपर्यंत पोचणार नव्हता.

फायटरांचा एक नियम असतो. खाणारा तयार नसेल तर तो हात वर करतो आणि सगळं जागच्या जागी थांबतं. पण हात वर केला की कारण विचारतात. कारण सांगायचं म्हणजे साहेबांचा डोळा चव्हाट्यावर मांडायचा. पोत्याने हात वर केला नाही.

पहिला ठोसा कानशिलावर बसला. डोक्यात भोंगा वाजला. दिग्दर्शक खूश झाला. इतकं खरं कधी दिसलं नव्हतं, म्हणाला, आणि पुन्हा घ्यायला लावलं. दुसरा तोंडावर बसला. ओठ फाटला, एक दात जिभेवर आला, तो पोत्याने गिळून टाकला. मुठीला हाड लागलं हे साहेबांना कळलं होतं. ते वाकून त्याच्या कानाला तोंड लावून म्हणाले, ‘आवाज दे ना रे.’ हा देतच होता. रक्ताने भरलेल्या तोंडातून टक् निघत नव्हतं.

खुर्चीतून बायकोने टाळ्या वाजवल्या.

तिसरा ठोसा डाव्या डोळ्यावर आला. आत काहीतरी फुटलं, गरम झालं आणि तिकडचा उजेड गेला. पोत्या गुडघ्यावर आला. हात डोळ्याशी होता, बोटांमधून रक्त निथळत होतं आणि घशातून गुरासारखा आवाज येत होता. दिग्दर्शक कॅमेरा चालू ठेवा म्हणून खुणावत होता. बायकोच्या टाळ्या थांबल्या. नवऱ्याला रक्ताचा रंग लावताना तिने कुणाला पाहिलं नव्हतं.

ती उठली, धुळीतून सरळ साहेबांकडे गेली आणि उजव्या बाजूने त्यांच्या कानाखाली जाळ काढला. साहेबांना ती दिसलीच नाही. शेकडो माणसं लोळवणाऱ्या माणसाला स्वतः कसं पडायचं ते ठाऊक नव्हतं. ताठच्या ताठ ते मागे कोसळले, पिंपाच्या धारदार काठाकडे. आणि पोत्याने जमिनीवरून झेप घेऊन त्यांच्या डोक्याखाली आपला हात घातला. हाताचं हाड मोडल्याचा आवाज, पंखा बंद होत असतानाही, सगळ्यांनी ऐकला.

‘कोण आहे? कुणी मारलं?’ साहेब हवेत चाचपडत विचारत होते. बाई त्यांच्या उजवीकडे हातभरावर उभी होती. ज्याला जे कळायचं ते कळलं.

‘तुमचे सगळे सिनेमे पाहिलेत मी,’ ती म्हणाली आणि तिने नवऱ्याला काखेत धरून उठवलं.

दवाखान्याकडे गाडी निघाली तेव्हा तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. पदर त्याच्या डोळ्यावर दाबून ती बसली होती. बऱ्याच वेळाने पोत्याने सुजलेलं तोंड उघडलं.

‘साहेबांना फार लागलं नाही ना गं?’

तेव्हा ती रडली.